पत्रं रद्दीत देताय? एक मिनिट!

तुमच्या मोबाइलमधला सगळ्यात जुना मेसेज कधीचा आहे? हँडसेट बदलला की आपला इतिहास पुन्हा पहिल्या पानावर! चित्रकारांना मात्र ही चैन परवडत नाही. चित्र भिंतीवर राहतं, परीक्षण पेपरात राहतं. पण चित्र कुठे अडलं आणि मित्राने काय सुनावलं, हे कळतं फक्त पत्रांतून.

सैयद हैदर रझांचंच बघा ना. नागपुरात आणि मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकलेला हा पेंटर १९५० मध्ये फ्रान्सला गेला आणि तब्बल ६० वर्षं तिकडेच राहिला. दोस्ती टिकली ती पोस्टाने! त्यांचे मित्र कृष्ण खन्ना १९६१ पर्यंत चक्क ग्रिंडलेज बँकेत नोकरीला होते. म्हणजे आपल्यासारखंच, ऑफिस सांभाळून पॅशन! या दोघांचा पत्रव्यवहार २०१३ मध्ये ‘माय डियर’ या पुस्तकात आला. दोन्ही बाजूंची पत्रं शिल्लक होती, म्हणून तो संवाद वाचता येतो.

नाहीतर काय होतं? व्हॅन गॉगने लिहिलेली ८१९ पत्रं आज उपलब्ध आहेत, त्याला आलेली फक्त ८३. भाऊ थिओ आणि वहिनी यो यांनी त्याची पत्रं जपली, म्हणून एवढी तरी उरली. थोडक्यात, पत्र लिहिणाऱ्याकडे राहत नाही. ज्याला येतं, त्याच्याच हातात त्याचं भवितव्य!

हे आठवलं ते नगरजवळच्या केडगावात. आमच्या शेजारचे काका ड्रॉइंग टीचर होते, आता रिटायर्ड. घराचं रिनोव्हेशन निघालं आणि पत्र्याची एक ट्रंक रद्दीच्या वाटेला लागली. आत आर्ट स्कूलच्या मित्राची पत्रं. एका पत्रात त्याने काकांच्या चित्रांची पार सालं काढली होती. काकांनी त्यानंतर प्रदर्शन भरवलंच नाही. पुढच्याच पत्रात मित्राने माफी मागितली होती. घरात कुणालाच हे माहीत नव्हतं!

काकांची उत्तरं मात्र मित्राच्या घरी. मित्र आता हयात नाहीत. मी त्यांच्या मुलीला फोन केला. ‘माळ्यावर बघते,’ म्हणाली. ट्रंक तूर्तास माझ्या खोलीत आहे.

तुमच्याही घरी अशी ट्रंक आहे?

• टाचण्या, स्टेपल, रबरबँड आधी काढा. गंजाचे डाग जात नाहीत.
• सेलोटेप आणि लॅमिनेशन? अजिबात नको!
• पत्रं उलगडून ॲसिड-फ्री फोल्डरमध्ये, कोरड्या जागी ठेवा.
• दोन्ही बाजूंचे फोटो काढा. पाकीटही टाकू नका, तारीख अनेकदा पोस्टाच्या शिक्क्यावरच सापडते.
• कुणी, कुणाला, कधी लिहिलं, याची यादी करा.
• छापण्याआधी परवानगी घ्या. कागद तुमचा असला, तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा!
• आणि समोरच्या घरी एक फोन कराच. उरलेली अर्धी गोष्ट तिथे आहे.