ऊसमळ्यातली हिंदी आणि आपल्या घरची बोली

गिरमिट म्हटले की आपल्याला सुताराचे भोक पाडायचे हत्यार आठवते. फिजी बेटांवर या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. तिथे तो इंग्रजी 'अ‍ॅग्रीमेंट'वरून आला. पाच वर्षांच्या करारावर अंगठा उठवून जो ऊसमळ्यात राबायला गेला, तो गिरमिटिया.

इंग्रजांनी गुलामगिरी कायद्याने बंद केली, तेव्हा मळेवाल्यांना स्वस्त माणसे हवी होती. 1834 पासून ती हिंदुस्थानातून मॉरिशसला जाऊ लागली, 1873 पासून सुरीनामला आणि 1879 पासून फिजीला. फिजीत 1916 पर्यंत साठ हजारांवर माणसे उतरली. मॉरिशसची जहाजे कलकत्ता आणि मद्रासप्रमाणे मुंबईहूनही सुटत. त्यांत आपले कोकणातले, विशेषतः रत्नागिरीकडचे मराठी लोक होते.

एका बराकीत आरा जिल्ह्याचा, बस्तीचा, गाझीपूरचा असे शेजारी आले. प्रत्येकाची बोली थोडी निराळी. डेपोत, जहाजावर, मळ्यात रोज एकत्र राहायचे म्हटल्यावर जे फक्त आपल्याच गावी कळते, ते प्रत्येकाने हळूहळू सोडले आणि सगळ्यांना कळते ते ठेवले. एकाच जहाजाने आलेले एकमेकांना 'जहाजी भाई' म्हणत. तिथे धर्म आणि जात बरीच मागे पडली. मग या माणसांना मुले झाली. त्यांनी अवधी, भोजपुरी वेगळी ऐकलीच नाही. कानावर पडली ती मिसळलेली बोली, आणि तीच त्यांची मादरी जबान झाली. फिजीची हिंदी आणि सुरीनामची सरनामी अशा तयार झाल्या. मागाहून, 1903 नंतर, मद्रासहून आलेल्या तमिळ-तेलुगू मजुरांनीही फिजीत हीच बोली उचलली. मॉरिशसमध्ये आपल्या मराठी मजुरांना मळ्यातली भोजपुरी शिकावी लागली.

शब्द तर मळ्यातूनच आले. उसाचा शेंडा म्हणजे 'कंटाप', इंग्रजी 'केन टॉप'. मुकादमाच्या वरचा गोरा साहेब म्हणजे 'कुलंबर'. व्याकरण हिंदुस्थानी, वस्तू परक्या.

आता आपल्या अकोटकडे बघा. "आज पऱ्हाटी में डवरनी चालू है, मेरेकू टाइम नै" हे वाक्य इथल्या कितीतरी मुस्लिम घरांत ऐकू येईल. क्रियापद हिंदुस्थानी, शेत वऱ्हाडी. 'नक्को' तर सरळ 'नको'चाच भाऊ. कंटाप जसा आला, तशीच डवरनी आली. वर्गात मात्र आम्ही शिक्षक या मुलांना दोन्हीकडून टोकतो: उर्दूच्या तासाला ही उर्दू नव्हे, मराठीच्या तासाला ही मराठी नव्हे. शुद्ध उर्दू आणि प्रमाण मराठी शिकवलीच पाहिजे, परीक्षा त्याच भाषेत आहे, त्याबद्दल वाद नाही. पण घरची बोली चुकीची आहे असे सांगितले की मूल बोलायचेच थांबते, हे आम्ही वर्गात पाहतो.

फिजीतल्या मुसलमान घरांचेही हेच आहे. शाळेत किंवा मदरशात उर्दू, घरी फिजी हिंदी. तिकडेही या बोलीला बरीच वर्षे मोडकी हिंदी म्हणून हिणवले गेले. 2001 मध्ये सुब्रमणी यांनी तिच्यात 'डउका पुरान' ही जाडजूड कादंबरी लिहिली, आणि मोडकी म्हणणाऱ्यांना ती वाचावी लागली. सरनामीच्या लिपीचे नियम 1986 मध्ये सुरीनाम सरकारने ठरवून दिले. मॉरिशसमध्ये उलटे घडले: घरी भोजपुरी बोलणारे 2000 च्या जनगणनेत सुमारे बारा टक्के होते, 2011 मध्ये पाचच. मुले क्रिओल बोलू लागली. मराठीही तिथे बहुतांशी शाळेच्या तासापुरती आणि सणापुरती उरली आहे.

मुन्शी रहमान खान यांचे नाव या महिन्यात मुलांना जरूर सांगा. हमीरपूर जिल्ह्यातला हा पठाण 1898 मध्ये सुरीनामला गेला, मळ्यात राबला. मळ्यातल्या हिंदू सोबत्यांना तुलसी रामायण समजावून सांगायचा, नमाजही पढायचा. त्याने आपली जीवनकथा देवनागरीत लिहून ठेवली. पुढे डच आणि इंग्रजीत तिची भाषांतरे झाली, म्हणून मळ्यातल्या त्या दिवसांचे आतले वर्णन आज एका मजुराच्याच शब्दांत वाचता येते.

आपल्या घरात दादी-नानी असतील, तर त्यांचे शेताचे, चुलीचे, लग्नाचे शब्द मुलांकडून वहीत उतरवून घ्या. आमच्या वर्गाची अशी वही दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू होते आहे. पहिला शब्द डवरनी.