घरी शिकणाऱ्या मुलांसाठी लेखनाचा अभ्यासक्रम कसा निवडायचा?

या भागात जे बोललो ते इथं लिहून ठेवतोय. तेच तेच आलेलं काढलंय, बाकी बोलणं तसंच आहे.

मूल घरी शिकत असलं की गणित, परिसर अभ्यास कसंबसं जमतं. अडतं ते लेखनाला. बाजारात कित्ते आहेत, निबंधमाला आहेत, महागडे इंग्रजी कोर्स आहेत. यातलं घ्यायचं काय? मी आधी माझी एक चूक सांगतो, कारण निवड कशी करायची ते मला त्या चुकीतून कळलं.

माझी भाची आठ वर्षांची आहे. ताई आणि भाऊजी धारूर तालुक्यात राहतात, आणि दीड वर्षापासून ती घरीच शिकते. आठवडाभर ताई शिकवते. शनिवारी मी अंबाजोगाईहून जातो आणि लेखनाचा तास घेतो. गेल्या पावसाळ्यात तिनं आपणहून चार ओळी लिहिल्या: "आजी भाकरी करायली. मला म्हनली चुलीपशी येऊ नको इस्तू उडतो. मी तरी बसले. भाकर फुगली का मला लई भारी वाटतं."

मी लाल पेन काढला. 'करायली'चं 'करत आहे' केलं, 'म्हनली'चं 'म्हणाली', 'इस्तू'चं 'विस्तव', 'लई'चं 'खूप'. मनात म्हटलं, झाला कोड रिव्ह्यू.

पुढचे तीन शनिवार तिच्या वहीत एकही चूक नव्हती. "माझी आजी प्रेमळ आहे. ती मला खूप आवडते." चूल नाही, भाकरी नाही. अशी आजी कुणाचीही असू शकते. ताई म्हणाली, "अरे, मामाला काय आवडतं ते तिला कळलंय. ती तेवढंच लिहायली."

मग मी जरा नीट विचार केला. आपण 'लेखन' म्हणतो त्यात तीन वेगळी कामं असतात. एक हाताचं: अक्षराचं वळण, शिरोरेषा, जोडाक्षरं. दुसरं शुद्धलेखनाचं. तिसरं म्हणजे सांगण्यासारखं काहीतरी शोधून ते ओळीनं मांडणं. आठ वर्षांच्या मुलाकडून ही तिन्ही एकाच वेळी मागितली, तर त्याचं सगळं लक्ष पहिल्या दोनांतच संपतं. म्हणून कुठलाही अभ्यासक्रम हातात आला की आधी बघायचं, तो यातलं नेमकं कोणतं काम शिकवतो. कित्ता फक्त हात शिकवतो. निबंधमाला तर तिसरं काम मुलाऐवजी स्वतःच करून टाकते.

इंग्रजी अभ्यासक्रमांबद्दल एक गोष्ट. त्यांचा मोठा भाग स्पेलिंगवर जातो, कारण ती त्या भाषेची गरज आहे. मराठी बरीचशी उच्चाराप्रमाणे लिहिली जाते. आपल्याकडे अडचण ठरावीक जागी येते: ऱ्हस्व-दीर्घ, न आणि ण, श आणि ष, रफार. नियमही मोजके आहेत. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ सालचे १४ आणि १९७२ साली वाढवलेले ४, असे एकूण १८. तेव्हा तो इंग्रजी साचा जसाच्या तसा उचलून उपयोग नाही.

पण बाहेरच्या काही कल्पना मात्र घेण्यासारख्या आहेत. शार्लट मेसन (१८४२–१९२३) या इंग्रज शिक्षिकेची पद्धत घरी शिकवणाऱ्या पालकांमध्ये आजही चालते. लहान मुलानं ऐकलेलं आपल्या शब्दांत तोंडी सांगायचं, चांगला उतारा बघून लिहायचा, आणि थोडं मोठं झाल्यावर श्रुतलेखन करायचं. ऐकलेलं स्वतःच्या शब्दांत लिहून काढणं नऊ-दहा वर्षांनंतर. म्हणजे हात आणि सांगणं यांची वाट सुरुवातीला वेगळी ठेवायची.

न्यूझीलंडमध्ये सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर माओरी मुलांना शिकवायच्या. मुलाला आज कोणता शब्द हवाय ते विचारायचं, तोच कार्डावर लिहून द्यायचा, आणि वाचन-लेखन तिथूनच सुरू करायचं. १९६३ साली 'टीचर' या पुस्तकात त्यांनी हे मांडलं.

आणि इतकं लांब जायचीही गरज नाही. आपल्याकडे फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी मोठं काम केलंय. त्या मूळच्या अमेरिकन, भाषाशास्त्राच्या अभ्यासक. फलटणच्या बोलीत माणसागणिक काय फरक पडतो, यावर त्यांनी १९७३ साली पीएच.डी. केली. पुढे तिथंच १९८६ साली कमला निंबकर बालभवन ही शाळा सुरू झाली. अख्खी बाराखडी घोकून घेण्याऐवजी अक्षरांचे छोटे गट घ्यायचे आणि त्यातून लगेच अर्थाचे शब्द वाचायचे-लिहायचे, अशी त्यांची रीत. मूल घरून जी भाषा घेऊन येतं ती चूक नसते, शिकवणं तिथूनच सुरू होतं, ही गोष्ट मला त्यांच्या कामाकडे बघून पटली.

आता निवडीकडे येऊ. पैसे देण्याआधी मी चार प्रश्न विचारतो.

एक, मूल स्वतःच्या मनातलं आठवड्यातून किती वेळा लिहितं? उत्तर शून्य असेल तर ते हस्ताक्षराचं पुस्तक आहे, लेखनाचं नव्हे.

दोन, घरची बोली आली तर काय करायचं, हे त्यात सांगितलंय का?

तीन, तोंडी सांगण्याला जागा आहे का? आठ वर्षांचं मूल बोलतं पानभर आणि लिहितं चार ओळी. उरलेलं मोठ्यांनी लिहून घ्यावं, त्याच्याच शब्दांत.

चार, लिहिलेलं वाचणार कोण? फक्त तपासणारा, की खरोखर वाचणारा कुणी?

आम्ही शेवटी काहीच विकत घेतलं नाही. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. १९७१ पासून निघणाऱ्या 'किशोर'चे जुने अंकही ऑनलाइन आहेत. दोन दिवस त्यातला पाच ओळींचा उतारा बघून लिहायचा. एक दिवस श्रुतलेखन, आणि त्यात शुद्धलेखनाचा एकच नियम. एक दिवस ती सांगते, ताई लिहून घेते. शनिवारी तिचं स्वतःचं लेखन. त्या वहीत लाल पेन चालत नाही.

"मग परीक्षेचं काय?" असं विचाराल, आणि ते बरोबरच आहे. घरी शिकणाऱ्या मुलाला कधीतरी एनआयओएसची दहावी किंवा राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म लागतोच. एनआयओएसच्या दहावीला वयाची अट किमान १४ आहे. तिथं प्रमाण मराठीतच लिहावं लागणार. म्हणून दहा-अकराव्या वर्षापासून पत्र, सारांश, निबंध असं रीतसर सुरू करायचं ठरवलंय. 'करायली'शेजारी 'करत आहे' येऊन बसेल. आधीचं हाकलून द्यायचं कारण नाही. हातात अजून वर्षं आहेत, घाई माझीच होती.

शेवटची गोष्ट. तिची शेजारची मैत्रीण दसऱ्यानंतर आईबापाबरोबर ऊसतोडीला गेली. गावात मागं राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे, पण लहान भावाला सांभाळायला तिला जावं लागलं. आमच्या घरानं शाळा ठरवून सोडली. तिची दरवर्षी सहा महिने सुटते. या दोन गोष्टी एका तागडीत टाकू नयेत, हे घरी शिकवणाऱ्या आपण सगळ्यांनी लक्षात ठेवलं पाहिजे.

तर भाचीनं तिला पत्र लिहिलं. ताईनं फोटो काढून मैत्रिणीच्या वडिलांच्या फोनवर पाठवला. पत्रात एक ओळ होती: "आमचं वासरू मेलं नाही जगलं." दोन दिवसांनी कोपीवरून आवाजी मेसेज आला, "अगं, वासरू मेलं का जगलं? नीट लिही की!"

त्या शनिवारी भाचीनं मला पहिल्यांदा स्वतःहून विचारलं, "मामा, ती छोटी शेपटी कुठं द्यायची असती?" मी स्वल्पविराम दाखवला. तिनं ओळ परत लिहिली: "आमचं वासरू मेलं नाही, जगलं." तीन महिन्यांत माझ्या लाल पेनला जे जमलं नाही, ते मैत्रिणीच्या एका मेसेजनं केलं.

म्हणून मंडळी, अभ्यासक्रम कोणताही घ्या. त्याआधी मुलाच्या लिहिण्याची वाट बघणारं एक माणूस शोधा. मावशी असेल, गावाकडचे आजोबा असतील, किंवा कारखान्यावर गेलेली मैत्रीण. भेटू पुढच्या भागात.