नववीची गुणपत्रिका आणि अमेरिकेची शिष्यवृत्ती

दिवाळीच्या सुटीत माझा धाकटा भाऊ धावतच घरी आला आणि म्हणाला, "अक्का, माझं अमेरिकेचं नक्की झालं!" तो एस. एस. एल. सी. च्या वर्गात आहे आणि उंच उडीत जिल्ह्यात पहिला आला होता. मैदानावर भेटलेल्या एका गृहस्थांनी त्याला पूर्ण शिष्यवृत्तीचे वचन दिले होते. पन्नास हजार रुपये आधी द्यायचे, पुढे शिष्यवृत्ती मिळाली की तिच्या रकमेवर टक्केवारी. बाबा सोसायटीतून कर्ज काढायच्या तयारीस लागले. मी म्हटले, थांबा, आधी चौकशी करू. त्या चौकशीत जे कळले ते मैदानावर घाम गाळणाऱ्या इतर घरांनाही उपयोगी पडेल, म्हणून लिहीत आहे.

अमेरिकेत खेळाची शिष्यवृत्ती सरकार देत नाही, कॉलेज देते. आणि कोणाला द्यायची ते बहुतांशी त्या कॉलेजचा प्रशिक्षक ठरवतो. या व्यवहारावर १९०६ साली स्थापन झालेल्या एन. सी. ए. ए. या संस्थेचे नियम चालतात. तिच्या तीन विभागांपैकी तिसऱ्या विभागातील कॉलेजे खेळासाठी एक पैसाही देत नाहीत. हार्वर्ड, येल यांचेही तेच. हायस्कूलमध्ये खेळणाऱ्या शंभरांतील जेमतेम दोघांना खेळाची शिष्यवृत्ती मिळते, असे ही संस्थाच सांगते.

आणि ती 'पूर्ण' क्वचितच असते. २०२४-२५ पर्यंत पहिल्या विभागात पुरुषांच्या धावणे-उड्या-फेकीच्या साऱ्या संघाला मिळून १२.६ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. प्रशिक्षक त्या भाकरीसारख्या मोडून वाटत असे. कोणाला अर्धी, कोणाला चतकोर. २०२५ मधील न्यायालयीन तडजोडीनंतर, ती मान्य करणाऱ्या कॉलेजांत ही मर्यादा गेली व तिच्या जागी संघातील खेळाडूंची संख्या बांधून दिली गेली. पण मर्यादा उठली म्हणून तिजोरी भरत नाही. पैशाचा मोठा ओघ फुटबॉल आणि बास्केटबॉलकडेच जातो. मुलींसाठी याच खेळात १८ शिष्यवृत्त्या होत्या, त्यामागे १९७२ चा समान संधीचा कायदा आहे. आमच्या कॉलेजातील धावणाऱ्या मुलींनी हे वाक्य दोनदा वाचावे.

आपल्याकडून कोणी गेलेच नाही असे नाही. मैसूरला जन्मलेला थाळीफेकपटू विकास गौडा नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाकडून खेळला. मात्र तो लहानपणापासून तिकडेच वाढला. दिल्लीचा तेजस्विन शंकर कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिष्यवृत्तीवर गेला आणि २०१८ व २०२२ साली आंतरविद्यापीठ उंच उडीत पहिला आला. भावाच्या भिंतीवर त्याचेच छायाचित्र आहे.

आता मुख्य गोष्ट. पहिल्या विभागात खेळायचे तर नववी ते बारावी या चार वर्षांत इंग्रजी, गणित, विज्ञान, समाजशास्त्र वगैरे मिळून १६ अभ्यासक्रम पुरे व्हावे लागतात. त्यांतील १० शेवटचे वर्ष सुरू होण्यापूर्वी, आणि सरासरी चारपैकी किमान २.३. सॅट परीक्षेची अट २०२३ मध्ये काढली, त्यामुळे आता शाळेच्या गुणांवरच सारी भिस्त. आपण नववीला 'घरचे वर्ष' समजतो! भावाची नववीची गुणपत्रिका मी ट्रंकेतून काढली. गणित ३८.

बहुतेक खेळांत प्रशिक्षक दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपूर्वी विद्यार्थ्याशी भरतीविषयी पत्रव्यवहार करू शकत नाही. विद्यार्थ्याने मात्र आधी लिहायला हरकत नाही. उत्तर आले नाही म्हणून खट्टू होऊ नये, नियमच तसा आहे. पत्रात अधिकृत स्पर्धेतील उंची लिहावी, उडीची चित्रफीत जोडावी. याला मध्यस्थ कशाला? शिवाय शिष्यवृत्तीच्या रकमेवर टक्केवारी घेणारा मध्यस्थ एन. सी. ए. ए. च्या नियमांत बसतच नाही. त्यात खेळाडूचीच पात्रता धोक्यात येते.

हे मी त्या गृहस्थांना फोनवर विचारले. ते म्हणाले, "बाई, तुम्हाला यातलं काही कळत नाही," आणि फोन ठेवला. भाऊ दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी गणिताचे पुस्तक घेऊन आला. बाबांनी कर्जाचा अर्ज परत आणला आहे. आम्ही दोघांनी मिळून सात प्रशिक्षकांना पत्रे धाडली आहेत. १५ जूनची वाट पाहत आहोत.