शस्त्रक्रियेआधीचा गुडघा

गुडघ्याच्या सांध्यातील हाडांच्या टोकांवर असलेले कूर्चेचे गुळगुळीत आवरण झिजून हाडावर हाड घासू लागले आणि औषधे, व्यायाम व इंजेक्शने यांचा उपयोग होईनासा झाला, की सांधेरोपणाचा, म्हणजे झिजलेले पृष्ठभाग काढून त्या जागी धातूचे व प्लॅस्टिकचे भाग बसवण्याचा सल्ला दिला जातो. २००० साली पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या गुडघ्यावर मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात हीच शस्त्रक्रिया झाली होती. पुढे ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर कमाल मर्यादा घातली. वजन जास्त असलेल्या रुग्णापुढे मात्र पैशांच्या आधी दुसरीच अट येते : आधी वजन उतरवा, मग बघू.

ही अट निराधार नाही. एक किलो वजन घटले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, असे स्थूल व गुडघेदुखीने त्रस्त असलेल्या वृद्धांच्या अभ्यासात आढळले आहे. शिवाय अतिस्थूल व्यक्तींमध्ये जखमेत जंतुसंसर्ग होण्याचा धोकाही अधिक असतो. परंतु दुखण्यामुळे चालणे सुटते, चालणे सुटल्याने वजन वाढते आणि वाढलेल्या वजनाने दुखणे बळावते, अशा फेऱ्यात सापडलेल्या माणसाला आळशी ठरवून परत पाठवणे हा त्याच्यावर उघड अन्याय आहे. शरीरभार निर्देशांक, म्हणजे किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, ४० च्या वर असल्यास शस्त्रक्रिया लांबवण्याचा प्रघात अनेक ठिकाणी पडला होता; तथापि अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या आणि सांधेरोपण शल्यचिकित्सकांच्या संघटनांनी २०२३ मध्ये दिलेल्या संयुक्त मार्गदर्शनानुसार केवळ असा ठरावीक आकडा गाठण्यासाठी शस्त्रक्रिया अडवून धरू नये, मात्र मधुमेह आटोक्यात नसेल तर तो आटोक्यात येईपर्यंत थांबावे.

म्हणूनच तयारीच्या काळात काट्यावरच्या आकड्याइतकेच मांडीच्या स्नायूंकडे लक्ष द्यावे लागते. गुडघा सरळ करणारा मांडीच्या पुढचा स्नायू दुखण्यामुळे रोडावलेला असतो, आणि त्यात घाईघाईने उपासमार केली तर चरबीबरोबर तोही झिजतो व जखम भरायला लागणारी प्रथिनेही कमी पडतात. साबुदाण्याच्या खिचडीवर काढलेल्या उपवासाने वजन उतरेल ही समजूत सोडलेलीच बरी; भात-पोळीचे प्रमाण बेताचे ठेवून मटकीची उसळ, घट्ट वरण, ताक, अंडी यांना ताटात अधिक जागा देणे श्रेयस्कर, फक्त मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. चालता येत नसले तरी व्यायाम थांबत नाही : अंथरुणावर पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी, ती मांडीचा स्नायू आवळून खाली दाबावी, पाच-सहा सेकंद तसेच राहून सैल सोडावे. एवढ्याशा हालचालीने, रोज नेमाने केल्यास, शस्त्रक्रियेनंतर पाय उचलण्याचे बळ टिकून राहण्यास मदत होते.

एका गोष्टीची मात्र बहुधा वाच्यताच होत नाही. धूम्रपान करता का, या प्रश्नाला ग्रामीण महाराष्ट्रातील अनेक वयस्क स्त्रिया प्रामाणिकपणे नाही म्हणतात. पण दातांना लावायची मिश्री ही भाजलेली तंबाखूच असते, तिच्यातील निकोटिन रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि जखमेला होणारा रक्तपुरवठा घटवते. ती काही आठवडे आधीच सोडावी आणि डॉक्टरांना न संकोचता सांगावी. दातातला पू, लघवीतील जंतुसंसर्ग, पायावरची चिघळलेली भेग यांवरही आधी उपचार व्हायला हवेत, कारण तेथील जंतू रक्तावाटे नव्या सांध्यापर्यंत पोहोचू शकतात.

घरात उकिडवे बसण्याचा संडास असेल तर कमोड-खुर्ची आधीच आणून ठेवावी, सतरंज्या व पायपुसणी उचलावीत आणि बैठक जमिनीवरून हात असलेल्या उंच खुर्चीवर न्यावी. त्या खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर देऊन उठण्याचा सराव शस्त्रक्रियेच्या आधीपासून सुरू करावा, कारण नंतर वॉकर धरून टाकायच्या पहिल्या पावलांत शरीराचा बराचसा भार दंडांनाच पेलावा लागतो.