फोनला ‘इहीर’ का कळत नाही? पुण्यात चाललेला हा अभ्यास शेतकऱ्याच्या कामाचा

पुणे : माईकचं बटण दाबून शेतकरी बोलतो, “उद्या सकाळी इहिरीवरची मोटर लावायची हाय.” स्क्रीनवर उमटतं, “उद्या सकाळी हिरवी मोटर लावायची आहे.” असा अनुभव आला की माणसाला वाटतं आपलंच बोलणं अशुद्ध. पण तसं नाही. मशीनला आपली बोली शिकवायचीच राहून गेली आहे. भाषाशास्त्र आणि कॉम्प्युटर शिकणारी मुलं प्रोजेक्टमध्ये जे काम करतात, ते याच्याशीच जोडलेलं आहे.

मशीन कसं ऐकतं?

आवाजाचे आधी बारीक तुकडे पाडतात. एक तुकडा साधारण सेकंदाच्या चाळिसाव्या भागाएवढा. प्रत्येक तुकड्यातला आवाज आकड्यांत मांडला जातो. मग हे अक्षर कोणतं, पुढचा शब्द कोणता असेल, याचा मशीन अंदाज बांधतं. हा अंदाज त्याला आधी ऐकवलेल्या रेकॉर्डिंगवर आणि वाचायला दिलेल्या मजकुरावर चालतो. ‘विहीर’ हजारदा आली आणि ‘इहीर’ एकदाही नाही, तर अंदाज चुकणारच. ‘वेळ’ला ‘येळ’, ‘पाणी’ला ‘पानी’ म्हटलं की तीच गत.

पुण्यात काय काम झालंय?

पुण्यातल्या ‘एल-थ्री-क्यूब’ या गटाने अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना सोबत घेऊन मराठी मजकुराचे मोठे साठे तयार केले. २०२१ मध्ये सुमारे १६ हजार मराठी ट्विट वाचून चांगलं, वाईट की मधलं, अशी हाताने खूण केली. पुढच्या वर्षी २५ हजार वाक्यांत माणसाचं नाव, गाव, संस्था, तारीख कुठे आहे ते नोंदवलं. हे साठे अभ्यासासाठी खुले आहेत. पण ट्विट आणि बातम्या म्हणजे लिहिलेली मराठी. बांधावरची बोली त्यात फारशी येत नाही.

ती उणीव भरायला येरवड्याच्या डेक्कन कॉलेजचं काम उपयोगी पडतं. तिथल्या भाषाशास्त्र विभागाने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण हाती घेतलं. गावोगाव जाऊन लोकांचं बोलणं रेकॉर्ड केलं. ‘मुलगा’ कुठे पोरगा, कुठे पोट्टा, तर कोकणात झील, हे अशा कामातून नकाशावर मांडता येतं.

चूक मोजायची कशी?

शंभर शब्दांत किती चुकले, हे साधं माप. वरच्या वाक्यात सहा शब्द, त्यातले दोन वेगळे आले, म्हणजे चूक ३३ टक्के. पण ‘हाय’चं ‘आहे’ झालं तर काही बिघडत नाही. ‘इहिरीवरची’चं ‘हिरवी’ झालं तर वाक्याचा अर्थच गेला. म्हणून रेकॉर्डिंग ऐकून लिहिताना बोललं तसं लिहायचं की प्रमाण भाषेत, हे आधी ठरवावं लागतं. एकाने ‘हाय’ आणि दुसऱ्याने ‘आहे’ लिहिलं तर मशीनचा गोंधळ होतो.

आपल्याला काय त्याचं?

सरकारी माहिती आता बोलून विचारायचे दिवस आलेत. केंद्राचा ‘भाषिणी’ प्रकल्प जुलै २०२२ मध्ये सुरू झाला. पीएम-किसानच्या ‘किसान ई-मित्र’वरही बोलून प्रश्न विचारता येतो. हप्ता का अडकला हे विचारताना मशीनला बोलीच कळली नाही, तर शेवटी तालुक्याला हेलपाटा ठरलेला. ज्याला टाइप करता येत नाही त्याचीच अडचण जास्त.

भाषिणीच्या ‘भाषादान’ या सोयीत कुणालाही मराठी वाक्य वाचून आवाज देता येतो. वाचताना शहरी हेल काढायची गरज नाही, रोजच्यासारखं बोलावं. मात्र छापील वाक्यातून आपला हेल तेवढा पोचतो, आपले शब्द नाहीत. त्यासाठी अभ्यासकांनी गावात येऊन गप्पा रेकॉर्ड करणंच गरजेचं.

अशी मुलं गावात आली तर आधी तीन गोष्टी विचाराव्यात : कोणत्या कॉलेजची, आवाज कशासाठी वापरणार, नाव गुप्त राहणार का. आवाज देण्यासाठी ओटीपी, आधार किंवा बँकेचा नंबर लागत नाही. कुणी मागितला तर तिथेच थांबावं. बाकी म्हाताऱ्या माणसांना आवर्जून पुढे बसवावं. बोलीतले जुने शब्द त्यांच्याचकडे जास्त आहेत.