एआयचा कायदा आणि सोयाबीनचं उंबरठा उत्पादन

"एआयच्या कायद्यावर पीएच.डी. करायचीय, सुरुवात कुठून करू?" असे मेसेज हल्ली बरेच येतात. विचारणाऱ्याने बहुतेक वेळा युरोपीय संघाचा एआय कायदा डाउनलोड करून ठेवलेला असतो आणि विसाव्या पानाशी तो अडकलेला असतो. साहजिक आहे, ११३ कलमं आणि १३ परिशिष्टं आहेत त्यात.

माझं उत्तर असं, की कायद्यापासून सुरुवात करू नका, एका निर्णयापासून करा. ज्यात कुठेतरी मशीनचा आकडा शिरलाय आणि ज्यामुळे कोणाला तरी पैसे मिळाले किंवा मिळाले नाहीत, असा निर्णय शोधा. मी अमडापूरचा, तालुका चिखली, जिल्हा बुलढाणा. त्यामुळे माझ्यासाठी असा निर्णय म्हणजे सोयाबीनचा पीक विमा.

आधी योजना कशी चालते ते बघू. पंतप्रधान पीक विमा योजनेत उत्पादनावर आधारित भरपाई एकेका शेतकऱ्याच्या वावरावरून ठरत नाही. ती ठरते विमा क्षेत्रावरून, म्हणजे आपल्याकडे सोयाबीनसारख्या मुख्य पिकासाठी महसूल मंडळावरून. मागच्या सात वर्षांपैकी चांगल्या पाच वर्षांची सरासरी घ्यायची, तिला जोखीमस्तराने गुणायचं, की आलं उंबरठा उत्पादन. यंदाचं सरासरी उत्पादन त्याच्या खाली गेलं, तर जितके टक्के घट तितके टक्के भरपाई. यंदाचा आकडा पूर्वी फक्त पीक कापणी प्रयोगांतून यायचा. मंडळात किमान दहा ठिकाणी ठरावीक मापाचा प्लॉट आखून, पीक कापून, मळून, वजन करायचं.

२०२३च्या खरिपापासून महाराष्ट्रात सोयाबीन, कापूस आणि भात या पिकांसाठी यात दुसरा आकडा आला. उपग्रहाच्या प्रतिमा, हवामानाची माहिती आणि मॉडेल वापरून काढलेलं उत्पादन. त्या वर्षी त्याला ३० टक्के भारांकन होतं आणि पीक कापणी प्रयोगाला ७० टक्के. (हे प्रमाण कायमचं नसतं. चालू हंगामाचा शासन निर्णय स्वतः उघडून बघायची सवय लावा, बातमीवर विसंबू नका.) मॉडेलही एकाच प्रकारचं नसतं. काही पिकाच्या वाढीचं गणित मांडणारी, काही सरळसरळ मशीन लर्निंगची.

आता कागद घ्या आणि हिशोब करा. आकडे मी समजण्यापुरते घेतलेत. उंबरठा उत्पादन हेक्टरी १० क्विंटल. पीक कापणी प्रयोगात आले ८ क्विंटल. नुसत्या प्रयोगावर गेलो तर घट २० टक्के. पण मॉडेल म्हणालं ११ क्विंटल. मग ८ चे ७० टक्के म्हणजे ५.६, ११ चे ३० टक्के म्हणजे ३.३, बेरीज ८.९. घट उरली ११ टक्के. विमा संरक्षित रक्कम ५०,००० रुपये धरली, तर भरपाई १०,००० वरून ५,५०० वर आली. मॉडेलने कमी आकडा दिला असता तर हेच उलट झालं असतं, शेतकऱ्याला जास्त मिळालं असतं. शिवाय पीक कापणी प्रयोग फार सोवळं प्रकरण आहे असंही समजू नका. त्यांना होणारा उशीर आणि त्यांवरचे वाद हेच तर तंत्रज्ञान आणण्याचं एक कारण होतं.

तर प्रश्न मशीन चांगलं की वाईट हा नाही. आमच्याकडचा शेतकरी विचारतो तो प्रश्न जास्त नेमका आहे: "माह्या मंडळाचा हा आकडा कसा काय निघाला, अन् चुकीचा असला त मी कोनाले इचारू?" यातल्या 'कसा' आणि 'कोणाला' या दोन शब्दांवर अख्खा प्रबंध उभा राहतो.

आता कायदे एकेक करून लावून बघा. मजा इथे आहे.

पहिला मनात येतो तो २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, ज्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले. पण तो वैयक्तिक डेटाचा कायदा आहे. मंडळाचं सरासरी उत्पादन हा कोणाही एका माणसाचा डेटा नाही. म्हणजे आकड्याचा परिणाम प्रत्येक खातेदारावर होतो, पण आकडा कोणाचाच नाही.

मग युरोप. तिथल्या डेटा संरक्षण नियमाचं कलम २२ पूर्णपणे स्वयंचलित निर्णयांबद्दल बोलतं. आपल्या उदाहरणात ७० टक्के आकडा माणसांनी विळ्याने कापून काढलेला आहे, त्यामुळे ते कलम इथे आणणं अवघड. एआय कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात 'उच्च जोखीम' वापरांची यादी आहे. तिच्यात विमा आहे, पण आयुर्विमा आणि आरोग्य विमा, तोही व्यक्तीची जोखीम आणि हप्ता ठरवण्यापुरता. पीक विम्याचं नाव नाही. सरकारी मदतीसाठी कोण पात्र हे ठरवणाऱ्या प्रणालींची नोंद आहे, पण तीही व्यक्तीच्या पात्रतेबद्दल. जगभरात ज्या कायद्याचा इतका गाजावाजा, तो आमच्या मंडळाच्या वेशीवर येऊन थांबतो. माझ्या मते या विषयातली सगळ्यात मोठी मोकळी जागा हीच आहे: हक्क व्यक्तीला दिलेत आणि निर्णय मात्र समूहावर होतायत.

उपयोगी पडतो तो जुनाच कायदा. माहिती अधिकार अधिनियम, २००५ चं कलम ४(१)(घ) सांगतं की सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या प्रशासकीय निर्णयांची कारणं बाधित व्यक्तींना द्यावीत. त्याच्यासमोर उभं राहतं कलम ८(१)(घ), व्यापारी गुपिताचं. मॉडेल एखाद्या खासगी कंपनीने बनवलं असेल तर हेच पुढे केलं जाण्याची शक्यता जास्त. पण त्याच कलमात व्यापक जनहिताचा अपवादही आहे. या दोहोंतला ताण, आणि पाठीशी संविधानाचं कलम १४, मनमानी कारभाराविरुद्धचं. एवढ्यावर दोन प्रकरणं सहज होतात.

हे फक्त आपल्याकडेच असं नाही. फेब्रुवारी २०२०मध्ये हेगच्या जिल्हा न्यायालयाने नेदरलँड्स सरकारची सिरी ही प्रणाली बेकायदा ठरवली. सरकारी लाभांतली फसवणूक हुडकायला ती वापरत. तेव्हा एआय कायदा अस्तित्वातच नव्हता. न्यायालयाने युरोपीय मानवी हक्क कराराचं कलम ८ घेतलं, आणि प्रणाली कशी चालते ते सरकारने पुरेसं उघड केलं नाही हा मुद्दा निर्णायक ठरला. आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४मध्ये गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची एआयने नक्कल करणाऱ्यांना अंतरिम आदेशाने रोखलं, तेही वेगळा एआय कायदा नसताना, व्यक्तिमत्त्वाच्या हक्कांच्या आधारे. केंद्राने नोव्हेंबर २०२५मध्ये जी एआय मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांचाही सूर असाच आहे: तूर्त वेगळा कायदा नको, आहेत ते कायदे वापरा. हे धोरण पुरेसं आहे का, ते तुमच्यासारख्यांनी एकेक निर्णय घेऊन तपासायचं आहे.

विज्ञान शाखेतून येणाऱ्यांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. कायद्यात पीएच.डी. करायची तर साधारणपणे एलएल.एम. मागतात, आणि त्याआधी पदवीनंतरचं तीन वर्षांचं एलएल.बी. आलं, ज्यासाठी राज्याची सीईटी असते. महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठं तीन आहेत: मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर. इतकी वर्षं द्यायची नसतील तर सांख्यिकी, संगणकशास्त्र किंवा सार्वजनिक धोरण या विभागांतूनही हा विषय करता येतो, फक्त कायद्याचा एखादा सहमार्गदर्शक मिळतो का ते प्रवेशाआधी विचारून घ्या. तुमची जमेची बाजू ही, की भारांकनाचं सूत्र बघून तुम्हाला घाम फुटत नाही. कमकुवत बाजू ही, की शासन निर्णय वाचताना 'करण्यात यावे' आणि 'करता येईल' यांतला फरक नजरेतून निसटतो. तो फरक म्हणजेच कायदा.

पहिल्या महिन्याचं काम सांगतो. तुमच्या मंडळाचं एक पीक आणि एक हंगाम निवडा. त्या हंगामाचा शासन निर्णय काढा. कृषी विभागाकडे माहिती अधिकारात तीनच गोष्टी मागा: उंबरठा उत्पादन, पीक कापणी प्रयोगांचे आकडे, आणि तंत्रज्ञानाने काढलेलं उत्पादन, तेही वेगवेगळे. सरासरी करून दिलेला एकच आकडा आला, तर पहिलं अपील करा. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. ते येईपर्यंत तालुक्याच्या कृषी कार्यालयात जाऊन बसा, जिल्हा तक्रार निवारण समितीकडे प्रकरणं कशी जातात ते समजून घ्या आणि सगळ्याच्या तारखा वहीत लिहून ठेवा.

मिळालेलं उत्तर, किंवा लेखी नकार, हे तुमच्या संशोधन आराखड्याचं पहिलं परिशिष्ट.