मराठीत ‘का’ शेवटी, इंग्रजीत ‘डज’ आधी. प्रश्न विचारताना नेमकं चुकतं कुठे?

भोकरदनच्या बसस्थानकावर ‘ही बस जालन्याला जाते’ या वाक्याला शेवटी ‘का’ लावला की प्रश्न तयार होतो. बाकीचे शब्द जागचे हलत नाहीत. इंग्रजीत मात्र शब्दांचा क्रम बदलतो. राज्यात मराठी माध्यमाच्या शाळांत २००० पासून पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं, तरी अनेकांची गाडी इथेच अडते.

नियम काय? वाक्यात ‘इज’, ‘कॅन’, ‘विल’सारखं सहाय्यकारी क्रियापद असेल, तर ते कर्त्याच्या आधी आणा. ‘ही कॅन कम’चा प्रश्न होतो ‘कॅन ही कम?’

सहाय्यकारी क्रियापद नसेल तर? ‘डू’, ‘डज’ किंवा ‘डिड’ मदतीला येतं. ‘द बस गोज टू जालना’चा प्रश्न : ‘डज द बस गो टू जालना?’ काळ ‘डज’ने दाखवला, म्हणून ‘गोज’चं ‘गो’ झालं. ‘डिड यू वेंट?’ चूक आणि ‘डिड यू गो?’ बरोबर, तेही याच कारणाने.

इथे सांभाळा : ‘व्हेअर इज द बँक?’ बरोबर, पण ‘टेल मी’ने सुरुवात केली की क्रम पुन्हा सरळ : ‘टेल मी व्हेअर द बँक इज.’

सराव कसा कराल? रोज पाच साधी वाक्यं घ्या आणि त्यांचे प्रश्न मोठ्याने म्हणा. नियम पाठ असून भागत नाही. मुलाखतीत प्रश्न विचारायची वेळ येते, तेव्हा जिभेला वळण लागलेलं असावं लागतं.